हिडकलची फळी

सातेरीनं फळी आणली टेम्पोच्या टपावर बांधून.
गोव्यातल्या कुठल्याशा शॅकवाल्यानं टाकून दिलेली,
नाकाशी फुटलेली, एम-सीलनं सांधलेली.
वडगावच्या बोळात ती आडवी मावेना,
म्हणून दोन महिने उभीच होती
मागाच्या खोलीत, बिमाला टेकून.
सूत टाकायला आलेला हणमंत विचारायचा,
हे कसलं गे नवीन यंत्र?

मी एक्कावन्न वर्षांची. कांड्या भरते.
आधी हातमागावर होते, पायात अजून पावडी आहे,
झोपेतही एक खाली, एक वर.
पाण्याशी माझा संबंध
रंगाच्या टिपापुरता.

पहिले धडे फरशीवर.
भाच्यानं खडूनं फळी काढली, मी तिच्यावर पालथी.
हातांनी ओढ, आत्त्या. ओढ. आता ऊठ!
ऊठ म्हणजे एकदम. गुडघा टेकायचा नाही.
शेजारच्या घरात पॉवरलूम खट् खट् चाललेला,
मी त्याच्या खट्‌वर उठायला शिकले.
दाराआडून सून हसायची, तोंडात पदर कोंबून.
गुडघे जांभळे झाले, कोकमासारखे.

मग तो रविवार.
हिडकलला जुना डांबरी रस्ता
सरळ पाण्यात उतरतो, कुणाला न विचारता,
खाली अजून पुढे जातो म्हणे, एखाद्या गावापर्यंत.
त्याच्या कडेला चपला काढल्या.
जावयाची ट्रॅक पँट, वर नाडीनं आवळलेलं जाकीट.
पाणी एवढं सपाट की लाज वाटली.
लाट कुठाय रे?
येतीय, म्हणाला. सांगून ठेवलंय.

लाट मकबूलचाचाच्या होडीतून आली.
दोन कप चहा आणि एक बिडीबंडल, एवढ्यावर ठरलेली.
डिझेलचा धूर सोडत त्यानं वळसा घेतला
आणि मागे पाण्याला एक घडी पडली,
इस्त्री करताना चुकून पडते तशी,
ती माझ्याकडे सरकायला लागली.

पहिल्यांदा पडले.
दुसऱ्यांदा पडले, आणि कानात सगळं धरण शिरलं.
तिसऱ्यांदा फळीच माझ्यावर पडली.
चौथ्यांदा मकबूलचाचा ओरडला, बाईऽ, बिडी संपली!
सातवी की आठवी, मोजायचं सोडून दिलं होतं.
पाय आपोआप गेले, एक खाली, एक वर,
आणि खालचं पाणी
ताण्यासारखं ताठ झालं.

किती वेळ उभी होते?
धोटा एका काठाकडून दुसऱ्या काठाला जातो, तेवढी.
तेवढ्यात मला दिसलं
पलीकडचं उसाचं शेत, एक बगळा,
आणि माझी सावली, उभी, पाण्यावर, बिनआधाराची.

मग हत्तरगीच्या फाट्यावर ईरण्णाचं हॉटेल.
ओल्या पँटीनं बाकावर बसले, बाक ओला केला.
ईरण्णानं फडकं आणलं, काही बोलला नाही.
उप्पीट आलं, त्याच्या शेजारी शिऱ्याची मूद,
मग लोणी डोसा, लोणी अजून वितळायचं होतं,
ते मध्येच थांबलेलं, जणू त्यालाही तोल सांभाळायचा होता.
सातेरी तीन इडल्या खाऊन मोबाईलमध्ये शिरला.
मी गरम गरम बोटांनीच खाल्लं.
कधी इतकी भूक लागल्याचं आठवत नाही,
बाळंतपणानंतरची एक सोडून.

ईरण्णा सांबाराची बादली घेऊन आला.
साकु, अक्का?
आयुष्यभर मी हेच म्हणत आले,
घरात पुरे, बाजारात साकु,
दोन भाषांत एकच हात ताटावर आडवा.
हात आपोआप निघालाही होता.
मग तो तसाच टेबलावर राहिला, पालथा,
आणि मी म्हणाले, इन्नू बेकु.

त्यानं वाटी काठोकाठ भरली.
मी खाली वाकले, तसं नाकातून
हिडकलचं उरलेलं पाणी टपकन सांबारात पडलं.
सातेरीनं पाहिलं.
मी तेही प्याले.